स्पोर्ट्स कारच्या जोडीला पावसाळी गाडी: थार की जिम्नी?

जमिनीपासून जेमतेम पाच इंचांवर पोट असलेली स्पोर्ट्स कार जुलैत घोडबंदर रस्त्यावर काढणे म्हणजे गायमुख घाटातल्या खड्ड्यांना पुढचा बंपर बहाल करणे होय. त्यामुळे जोडीला पावसाळी गाडी हवी, हे ठाण्यात वेगळे पटवून द्यावे लागत नाही. प्रश्न उरतो तो तीन दारांची फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी) महिंद्रा थार घ्यावी की पाच दारांची मारुती सुझुकी जिम्नी, एवढाच.

पाण्याच्या बाबतीत थार सरस आहे. तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचे पोट यांतले अंतर, 226 मिलिमीटर असून 650 मिलिमीटर खोल पाण्यातून ती जाऊ शकते, असे कंपनी सांगते. जिम्नीचा क्लिअरन्स 210 मिलिमीटर आहे. थारला डिझेलचाही पर्याय आहे. तरीही माझे मत जिम्नीकडे झुकते, कारण सोसायटीच्या यांत्रिक पार्किंगमधल्या अरुंद पाळण्यात 1645 मिलिमीटर रुंदीची ही गाडी सहज बसते आणि मागच्या सीटवर जाताना आई-वडिलांना अंग चोरावे लागत नाही.

दोन्हींची फोर व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरती चालकाने चालू करायची आहे; चिखलात ती उपयोगी पडते, पण कोरड्या डांबरावर चालू ठेवल्यास वळताना पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सामावला जात नाही आणि यंत्रणेवर ताण येतो.

उभ्या स्पोर्ट्स कारची बॅटरी मात्र ट्रिकल चार्जरवर (बॅटरी उतरू नये म्हणून संथपणे चार्ज करत राहणाऱ्या चार्जरवर) ठेवावी आणि तळघरात पाणी शिरत असेल, तर वरचा पाळणा तिलाच द्यावा.