विंडोज 11 चं ‘रीसेट धिस पीसी’: फॉरमॅट मारून घेण्याआधी

लॅपटॉप रेंगाळायला लागला की बेळगावापासून निपाणीपर्यंत सल्ला एकच: फॉरमॅट मारून घे. बहुतेक वेळा दुकान गाठायची गरज नसते. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथलं ‘रीसेट धिस पीसी’ हेच काम फुकटात करतं. विंडोजचा अस्सल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्यामुळे ॲक्टिव्हेशनही आपसूक परत येतं. क्रॅक मारलेल्या कॉपीपेक्षा हे कधीही बरं. पाचपैकी चार गुण.

एक गुण कापला तो ‘कीप माय फाइल्स’ या फसव्या नावासाठी. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स राहतात. पण बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअरं जातात, आणि विंडोजमध्ये टाकलेले फॉन्टही. सीमाभागात खरा फटका इथेच. डीटीपीवाल्यांच्या, म्हणजे पत्रिका-जाहिराती जुळवणाऱ्यांच्या मशीनवर मराठीला श्रीलिपी आणि कन्नडला नुडी, ही दोन्ही टायपिंगची सॉफ्टवेअरं आपापल्या फॉन्टसकट लागतात. रीसेटनंतर जुनी लग्नपत्रिका कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल शाबूत असते, फॉन्ट गेलेला असतो. म्हणून सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातलं ‘फॉन्ट्स’ आधी पेन ड्राइव्हवर घ्या, सॉफ्टवेअरची सीडी किंवा सेटअप हाताशी ठेवा. हिशेबाचं टॅली वापरणाऱ्यांनी कंपनी निवडायच्या स्क्रीनवर डेटाचा पाथ बघावा. तो ‘प्रोग्राम फाइल्स’मधला निघाला तर बॅकअपशिवाय पुढे जाऊच नका.

पुढचा प्रश्न येतो क्लाउड की लोकल, म्हणजे विंडोज नेटवरून नव्याने उतरवायचं की मशीनवरचंच वापरायचं. क्लाउडला 4 जीबीहून जास्त डेटा लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा कोटा मध्येच संपतो. लोकलला नेट लागत नाही, पण ते मशीनवरच्याच फाइल्स वापरतं. त्याच खराब असतील तर दुखणं तसंच राहतं.

चार्जर लावल्याशिवाय रीसेट सुरूच होत नाही. तरी बॅटरी मेलेली असेल आणि पावसाळ्यात खानापूरकडे जाते तशी लाइट गेली, तर अर्धवट विंडोज हाती येतं. डेस्कटॉपला यूपीएस हवाच.

विंडोज सुरूच होत नसेल आणि रिकव्हरी स्क्रीनवरून रीसेट करायचं असेल, तर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची, 48 अंकी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. मशीन चालू आहे तोवरच कागदावर उतरवून ठेवा.

‘नो चेंजेस वेअर मेड’ म्हणून रीसेट अडलं, तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रीएजंटसी’ (reagentc) या रिकव्हरी तपासणाऱ्या कमांडला आधी ‘/इन्फो’ (/info) देऊन पाहा. ‘डिसेबल्ड’ दिसलं तर ‘/इनेबल’ (/enable). तरीही हटून बसलं तर 8 जीबी पेन ड्राइव्ह आणि त्यावर विंडोजचा सेटअप बनवणारं मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल. त्या सेटअपमध्ये इंटेलच्या 11व्या पिढीच्या किंवा नंतरच्या लॅपटॉपवर डिस्कची यादीच रिकामी दिसली तर एसएसडी गेली असं समजू नका. व्हीएमडीचा, म्हणजे इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या यंत्रणेचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून उतरवून, उलगडून त्याच पेन ड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबा, डिस्क दिसेल.