का-बार, ग्लॉक की एफ-वन? किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी लष्करी सुऱ्यांची तुलना

पहिला लष्करी सुरा घ्यायचा म्हटलं की चर्चा पात्याची लांबी आणि पोलादाचा कडकपणा यांवरच फिरत राहते. हर्णै, मालवण, विजयदुर्ग, असं किनाऱ्यालगत घर असेल तर त्याआधी वेगळंच विचारायला हवं: जून ते सप्टेंबर हा सुरा राहणार कशात? रत्नागिरीत वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एरवीही खारा वारा घरभर फिरतो. घाटावर कपाटात वर्षानुवर्षं कोरा राहणारा सुरा इथे एका पावसाळ्यात डागाळतो. म्हणून मी अमेरिकेचा का-बार, ऑस्ट्रियाचा ग्लॉक आणि स्वीडनचा एफ-वन या तिघांना आधी हवेच्या कसोटीवर लावतो, धारेच्या नंतर.

का-बार हे जमवणाऱ्यांचं पहिलं प्रेम, आणि ते रास्त आहे. १९४२ च्या अखेरीस अमेरिकन मरीन कोअरने हा नमुना स्वीकारला आणि पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या लढायांत तो सैनिकांच्या कमरेला होता. पातं ७ इंची. मूठ चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली. ओल्या हातातही पकड सुटत नाही. इतिहास हातात धरल्यासारखं वाटायला लावणारी दुसरी मूठ मला माहीत नाही.

पण पोलाद १०९५ क्रो-व्हॅन या जातीचं. कार्बन भरपूर, क्रोमियम नावापुरतं. गंज रोखणारा थर पृष्ठभागावर आपोआप धरायला साधारण साडेदहा टक्के क्रोमियम लागतं; इथे ते एक टक्कासुद्धा नाही. पात्यावरचा काळा लेप जिथे आहे तिथे राखण करतो, पण धार उघडीच असते. चामड्याच्या म्यानात ठेवलेला का-बार श्रावणात बाहेर काढून बघा. धारेलगत नारिंगी रेघ, पात्यावरच्या ठशाच्या अक्षरांत तपकिरी ठिपके आणि मुठीच्या चकत्यांवर पांढरी बुरशी. चामडं हवेतली ओल धरून ठेवतं आणि ते कमावताना वापरलेली रसायनंही पोलादाला सोसत नाहीत. म्हणून म्यान वेगळं, सुरा वेगळा. पात्याला तेलाचं बोट आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. तेल म्हणजे शिलाई मशिनचं. हाताशी असतं म्हणून खोबरेल लावतात, पण महिनोन् महिने राहिलं तर ते खवट होऊ शकतं. पुढच्या आठवड्यात त्याच सुऱ्याने मासा कापायचा असेल तर मात्र खोबरेलच बरं. हेच पातं सिंथेटिक मुठीत आणि प्लास्टिकच्या म्यानातही मिळतं. दिसायला रुक्ष, पण कोकणात निम्मी कटकट तिथेच संपते.

ग्लॉकचा सुरा ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी बनला. त्या कंपनीचं पिस्तूल १९८२ मध्ये सैन्यात गेलं, सुरा त्याच्याही आधीचा. मॉडेल ७८ साधं, ८१ च्या पाठीला करवत. १६५ मिलिमीटरचं स्प्रिंग स्टीलचं पातं, त्यावर फॉस्फेटचा काळा थर, मूठ आणि म्यान दोन्ही पॉलिमरचे, वजन सुमारे २०० ग्रॅम. हेही कार्बन पोलादच, गंजतं. पण ओल धरणारं चामडं कुठेच नसल्यामुळे पुसून तेल लावलं की झालं. पोलाद थोडं मऊ ठेवलेलं आहे. धार लवकर बोथट होते, पण परत लावायला सोपी आणि पातं सहसा तुटत नाही. करवतीच्या मोहात पडू नका, ७८ घ्या. तिघांत हाच सर्वांत स्वस्त.

फॉलक्निवेन या स्वीडिश कंपनीचा एफ-वन सर्वांत महाग. १९९५ पासून स्वीडिश हवाई दलाच्या वैमानिकांचा हा सुरा. ९७ मिलिमीटरचं आखूड पातं, पण जाडी ४.५ मिलिमीटर आणि मूठ रबरासारखी. व्हीजी-१० या स्टेनलेस पोलादाच्या दोन्ही बाजूंना आणखी मऊ, गंजाला दाद न देणारा थर, त्यामुळे कडक धारेला लवचीक पाठ मिळते. होडीवर दोर कापायला, सुरमई साफ करायला, काठी तासायला या तिघांत याच्याइतका कामाचा कुणी नाही. तरीही स्टेनलेस म्हणजे अभेद्य नव्हे. मिठातलं क्लोराइड तो संरक्षक थर फोडतं आणि बारीक खड्डे पडतात. समुद्राचं पाणी लागलं की गोड्या पाण्याने धुवायचा, कोरडा करायचा.

नारळ फोडायला, झावळ्या तोडायला, कुंपण साफ करायला यांतला एकही घेऊ नका. त्या कामाला कमरेच्या आकडीतला कोयता आहे; त्याचं वजन पुढे असतं, या सुऱ्यांचं मुठीपाशी.

कायद्याचं थोडं. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं शस्त्र नियम २०१६ च्या यादीत येतात. घरगुती आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळली आहेत. हे तिन्ही त्या मापाच्या आत आहेत, पण मोठी खुकरी घेताना आधी टेप लावा. शिमगा-गणपतीच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बंदी आदेश निघतात. तेव्हा मापाच्या आतला सुरासुद्धा कमरेला लावून बाजारात जायचं नाही.

एकच घ्यायचा आणि वापरायचा असेल तर माझं मत एफ-वनला. तेवढे पैसे घालायचे नसतील तर ग्लॉक ७८. संग्रहाची सुरुवात करायची असेल तर का-बार, चामड्याच्या मुठीचाच, पण हवाबंद डबा त्याच दिवशी आणा.