परदेशात माल लावून देतो म्हणणाऱ्यापासून सावध

वरुड तालुक्यात आमची शेतकऱ्यांची कंपनी आहे. व्यापारी चुरी, म्हणजे बारक्या संत्र्याला हात लावत नाही, म्हणून आम्ही त्याचा स्क्वॅश आणि मार्मालेड करतो. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेलं तसं ताज्या संत्र्याचं गणित बिघडलं. तेव्हापासून बाटलीबंद माल बाहेर धाडायचं डोक्यात होतं. हे हेरूनच एक एक्स्पोर्ट कन्सल्टंट गावात आला. नाशिककडच्या वाईनवाल्यांना अमेरिकेत उभं केलं, आता तुमची पाळी, म्हणे. आमच्या अध्यक्षांच्या पाया पडला. "काकाजी, माल तुमचा, बाजार माझा."

आयात-निर्यात कोडचे त्यानं १२,००० घेतले. डीजीएफटी, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार खात्याच्या साइटवर त्या कोडची फी ५०० रुपये आहे. मग एफडीए, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याकडच्या नोंदणीचे ८५,००० घेतले, आणि वर दरवर्षी नूतनीकरणाचे वेगळे लागतील असंही सांगितलं. बदल्यात गरुडाचं चित्र आणि सोनेरी शिक्का असलेलं, लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट दिलं. काकाजींनी ते फ्रेम करून गणपतीशेजारी टांगलं. खरी गोष्ट अशी, की एफडीए खाद्य कारखान्याच्या नोंदणीचा एक पैसाही घेत नाही आणि सर्टिफिकेट तर देतच नाही, फक्त नंबर देते. नूतनीकरणही दोन वर्षांतून एकदाच, सम वर्षी, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. तिथं एक अमेरिकी एजंट नेमावा लागतो, त्याची फी खासगी लोक घेतात, ती गोष्ट वेगळी.

पुढं व्हॉट्सॲपवर न्यू जर्सीच्या खरेदीदाराच्या एलसीची, म्हणजे त्याच्या बँकेनं पैशाची हमी दिलेल्या पत्राची पीडीएफ आली. पैशाची हमी आली, आता बाँडचे तीन लाख भरा आणि माल काढा, असा लकडा सुरू झाला. आमच्या हिशेबनीस पोरीला शंका आली. ती कागद घेऊन नागपूरला बँकेच्या परकीय चलन शाखेत गेली. तिथल्या मॅडमनी मजकूर वाचलासुद्धा नाही. "एलसी बँकेकडून बँकेला येते, स्विफ्ट या बँकांच्या संदेश जाळ्यावर, एमटी ७०० संदेशानं. मोबाइलवर आली ती एलसी नाही, बाई." परत येताना बसमध्ये पोरीनं नीट पाहिलं, तर त्या परदेशी बँकेच्या नावाचं स्पेलिंग वर एक आणि खाली एक!

तीन लाख वाचले, आधीचे गेले. पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यात ऑनलाइन गेलेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. या नंबरवर जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त, असं ठाण्यातल्या साहेबांनी सांगितलं. आमच्या पैशाला पाय फुटून महिने झाले होते.

त्यानं मिरवलेल्या वाईनवाल्यांपैकी एकाचा फोन लागला. त्यांच्याकडून लेबल मंजुरीचे पैसे उकळले होते. अमेरिकेत वाईनचं लेबल टीटीबी हे खातं मंजूर करतं, त्याची फी घेत नाही आणि अर्ज तिथला आयातदार करतो. म्हणजे आयातदारच नसताना मंजुरी कसली, राजेहो?

त्याचा नंबर आता बंद आहे. वाशीमकडं हळदीच्या गटांत असाच एक माणूस फिरतोय, असं कानावर आलंय.