लंबकाचा दांडा: सागवान की इन्व्हार?

चवथीला घर भरलं की कोणीतरी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतं, मग मोबाईलकडे बघतं आणि गालातल्या गालात हसतं. आमच्या फोंड्याच्या घरी हे ओळीने तीन वर्षं चाललं. घड्याळ आजोबांच्या वेळचं, लंबक मीटरभर लांब. मूळचा पाइनचा दांडा वाळवीने पोखरला, म्हणून मी आधी सागवानी बसवला आणि शेवटी इन्व्हार नावाच्या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचा. तुम्हीही असं एखादं घड्याळ माळ्यावरून खाली काढलं असेल, तर हे कदाचित उपयोगी पडेल.

उष्णतेचा हिशेब आधी उरकतो. दांडा लांबला की लंबक सावकाश झुलतो; पोलादी दांडा एका अंशाने तापला की घड्याळ दिवसाला साधारण अर्धा सेकंद मागे पडतं. इन्व्हारमध्ये तोच फरक दहाव्या हिश्श्यावर येतो. लाकूड रेषांच्या दिशेने पोलादापेक्षा बरंच कमी प्रसरण पावतं, म्हणून जुने घड्याळजी ते आवडीने वापरत. पण हा हिशेब थंड मुलखातला. आपल्याकडे चिऱ्यांच्या भिंती नि वर कौलं असलेल्या घरात वर्षभरात फार तर दहा-बारा अंशांची चढउतार होते. म्हणजे साधा पोलादी दांडासुद्धा टोकाच्या दिवसांत पाच-सहा सेकंदच चुकणार. ज्याला मिनिटाचं पडलेलं नाही त्याने पोलाद घालावं आणि स्वस्थ बसावं, मी नावं ठेवणार नाही.

गोव्यात त्रास उन्हाचा नाही, ओलाव्याचा. सागवानी दांडा मी जुन्या दाराच्या चौकटीतून काढला, चांगला पन्नास वर्षं वाळलेला. त्यावर लाखेच्या पॉलिशचे पाच हात दिले. जून गेला, अर्धा जुलै गेला, घड्याळ एकदम ठीक. मी खूश. ऑगस्टमध्ये ते मागे पडू लागलं, आणि चवथीपर्यंत आठवड्याला सव्वा मिनिट. पॉलिश ओलावा अडवत नाही, नुसता उशिरा आत सोडतं, हे तेव्हा कळलं. मग मी लंबकाच्या गोळ्याखालचा नट पाव फेरा वर चढवला. आमच्या घड्याळात एका पूर्ण फेऱ्याला लंबक एक मिलिमीटरने सरकतो, म्हणजे दिवसाला सुमारे ४३ सेकंद. पाव फेऱ्यात काम झालं. पण तुळशीचं लग्न होईतो हवा कोरडी झाली, लाकूड हळूहळू आखडू लागलं आणि घड्याळ पुढे धावायला लागलं. पुन्हा नट. मी कायम दोन महिने मागच्या हवामानाची दुरुस्ती करत होतो.

माझा निर्णय खरं तर त्या नटानेच केला. दार उघडा, लंबक थांबवा, एका हाताने गोळा धरा, दुसऱ्याने नट फिरवा. दांडा जरासा पिळला की वरची पातळ पोलादी पट्टी, जिच्यावर सगळं लटकतं, तिला मुरड पडते. तिसऱ्या वर्षी ती तुटली आणि गोळा थेट पेटीच्या तळावर आदळला. त्या आवाजाने शेजारीण धावत आली.

इन्व्हार म्हणजे ३६ टक्के निकेल, बाकी लोखंड. शार्ल एदुआर गियोम यांना १८९६ साली पॅरिसजवळच्या सेव्हर इथल्या वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत ते सापडलं आणि १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. तापताना अणू एकमेकांपासून दूर सरतात, पण त्याच वेळी धातूतलं चुंबकत्व ढिलं पडतं आणि त्यामुळे तो आकसतो. एकाने ताणायचं, दुसऱ्याने ओढायचं, आणि लांबी जिथल्या तिथे. हे फार तर दोनशे अंशांपर्यंत चालतं. घड्याळाला तेवढं कुठे लागतं? आणि इन्व्हार पाणी पीत नाही, आपल्यासाठी खरी गोष्ट ती.

आता त्याचे नखरे. मुंबईहून मागवलेली पहिली कांडी चुकीची आली, ४२ टक्के निकेलची. ती काचेला जोडायच्या कामाची, प्रसरण इन्व्हारच्या चौपट. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून चाचणीचं प्रमाणपत्र बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कोबाल्ट घातलेलं सुपर इन्व्हारही मिळतं, पण घरच्या घड्याळाला ते म्हणजे डासाला तोफ. लेथवर हा धातू मऊ पण चिवट, कीस सुटत नाही, नुसता ओढला जातो. माझे पहिले आटे फाटले. धारदार हत्यार, मंद गती, भरपूर तेल, आणि कांडी दोन बोटं जास्त लांब घ्या. वाकलेली आली तर ठोकून सरळ करू नका, परत पाठवा. ठोकल्याने आत ताण राहतो आणि लांबी नंतर हळूहळू सरकते. आणि गंजतो. माझ्या बोटांचे ठसे आठ दिवसांत तांबूस उमटले. त्यावर पातळ लॅकर मारावं लागलं. सागवान निदान गंजत तरी नव्हतं, हे कबूल.

राहिलेलं थोडं प्रसरण गोळ्याकडून फेडून घेता येतं. १२० मिलिमीटर उंचीचा पितळी गोळा तळाशी टेकवून बसवला, की तापल्यावर दांडा जितका खाली जातो जवळजवळ तितकाच गोळ्याचा मध्य वर येतो.

घड्याळ नुसतं शोभेला असेल तर सागवान देखणं दिसतं, आणि तुमचं घर कोरडं असेल तर कदाचित माझ्याइतका त्रासही होणार नाही. मी काही प्रयोगशाळेतली मापं घेतलेली नाहीत, रेडिओच्या टोल्यांशी ताडून पाहिलंय एवढंच. गेल्या दोन पावसाळ्यांत नटाला हात लावलेला नाही. त्यावर धूळ बसलीय, आणि कोणी फडकं घेऊन पुसायला गेलं की मी ओरडतो.