आम्लपित्त असताना लठ्ठपणाची शस्त्रक्रिया : पुण्यातील दोन केंद्रांचा अनुभव

पत्नीचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) ३८ आणि जोडीला जुने आम्लपित्त, म्हणून शस्त्रक्रियेच्या सल्ल्यासाठी आम्ही पुण्यातील दोन केंद्रांत गेलो. पहिल्या ठिकाणी समुपदेशकांनी वजन-उंची टिपून घेतली आणि लगेच स्लीव्हचे, म्हणजे जठर कापून अरुंद नळीसारखे करण्याच्या शस्त्रक्रियेचे, पॅकेज पुढे केले. रात्री छातीत जळजळ होते का, आंबट पाणी घशाशी येते का, याची साधी विचारपूसही झाली नाही.

दुसऱ्या केंद्राने खर्चाचा विषय काढण्याआधी एंडोस्कोपी केली. तीत हायेटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीच्या पोकळीत सरकणे) निघाला, आणि सर्जननी पडद्यावरचे चित्र थांबवून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे लालसर चट्टे आम्हाला दाखवले. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरलेल्या अरुंद नळीत दाब वाढतो, त्यामुळे आधीचे आम्लपित्त बळावू शकते आणि ज्यांना ते कधीच नव्हते त्यांनाही सुरू होऊ शकते. फिनलंडमधील ‘स्लीव्हपास’ चाचणीत दहा वर्षांनी केलेल्या तपासणीत स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्के, तर बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट खालच्या आतड्याला जोडणे) झालेल्यांपैकी ७ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेला सूज आढळली. रू-एन-वाय बायपासमध्ये जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी उरते, तीत आम्ल फारसे तयार होत नाही आणि पित्तरस बराच खाली आतड्यात मिसळतो, म्हणून सर्जननी तीच शस्त्रक्रिया सुचवली. मिनी बायपासला वेळ कमी लागतो, पण आतड्याचा जोड दोनऐवजी एकच असल्याने पित्तरस वर चढण्याची शक्यता राहते, हेही त्यांनी आपणहून सांगितले. आमच्या लेखी या सल्ल्याचे खरे मोल तिथेच होते.

बायपासची पथ्ये त्यांनी सौम्य करून सांगितली नाहीत. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते, आणि जोडावर व्रण होण्याचा धोका असल्याने आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्या लागतात. आहारतज्ज्ञांनी सुरुवातीच्या दिवसांसाठी वरणाचे गाळलेले पाणी आणि पातळ ताक किती घोटांनी घ्यायचे, इथपर्यंत लिहून दिले. वेळेच्या बाबतीत मात्र हे केंद्र अगदीच ढिसाळ आहे. ठरलेली वेळ केवळ कागदावर असते.

विम्याच्या खिडकीवरही स्पष्टपणा दिसला. बीएमआय ४० च्या खाली असल्यास पॉलिसीला अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा तीव्र स्लीप अ‍ॅप्नियासारखी (झोपेत श्वास थांबण्याचा विकार) जोडव्याधी लागते, नुसते आम्लपित्त त्या यादीत बसत नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. पत्नी घोरते हे कळल्यावर त्यांनी स्लीप स्टडीची तारीख दिली असून, दावा करता येईल की नाही ते त्या अहवालावर ठरेल.