रॉकेल, पेरॉक्साइड की आम्ल?

खडकातून सूक्ष्मजीवाश्म सुटे करताना खडक किती टणक आहे ते बघून पद्धत ठरवणारे बरेच असतात. खरं तर आधी बघायचं, हवा असलेला जीवाश्म कशाचा बनलाय. फोरॅमिनिफेरा (एकपेशीय जीव) आणि ऑस्ट्राकॉड (दोन शिंपल्यांत राहणारे चिमुकले कवचधारी) यांची कवचं बहुतेक कॅल्साइटची, म्हणजे चुन्याच्या खनिजाची; कोनोडॉन्ट (प्राचीन प्राण्यांचे दातासारखे अवयव) फॉस्फेटचे, रेडिओलॅरिया (हेही एकपेशीय जीव) सिलिकाचे, परागकण सेंद्रिय. द्रावण चुकलं की खडकाबरोबर जीवाश्मही विरघळतो, आणि आपण वहीत 'नमुना रिकामा' असं लिहून मोकळे.

शेल (थरांचा चिखलखडक) किंवा मार्लमधून (चुनायुक्त चिखलखडक) फोरॅमिनिफेरा काढायचे असतील तर खरी चुरस हायड्रोजन पेरॉक्साइड आणि रॉकेल यांच्यात. पेरॉक्साइड सोपं: पातळ करून ओतायचं, सेंद्रिय द्रव्य जळताना निघणारे बुडबुडे खडक फोडतात. पण नमुन्यात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असेल तर त्याचं ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि नाजूक कवचं खाल्ली जातात. काळ्या शेलला म्हणूनच मी पेरॉक्साइड लावत नाही.

रॉकेलला मात्र शिस्त लागते. तुकडे ओव्हनमध्ये पूर्ण वाळवा, गार झाल्यावर रॉकेलमध्ये रात्रभर भिजवा, रॉकेल ओतून काढा आणि वर गरम पाणी घाला, चिमूटभर धुण्याचा सोडाही टाका. छिद्रांत शिरलेल्या रॉकेलची जागा पाणी घेतं आणि मघापर्यंत कडक असलेला तुकडा कडांपासून सुटत जाऊन त्याचा चिखल होतो. नमुना जरासा जरी ओला राहिला तरी रॉकेल आत शिरत नाही. पद्धत फसते ती बहुतेक इथेच. ज्वाला जवळ नको, हवा खेळती हवी. त्याच तुकड्याचं सेंद्रिय रसायन पुढे तपासायचं असेल तर रॉकेलचं नावही काढू नका.

दोन्हींनंतर ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेखाली धुणं आलंच. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलिन ब्लूमध्ये बुडवा: पुढच्या नमुन्यात निळं कवच दिसलं, तर तो मागचा पाहुणा.

कोनोडॉन्टसाठी चुनखडी साधारण १० टक्के ॲसेटिक आम्लात. दिवस जातात, कधी आठवडे. घाई करून हायड्रोक्लोरिक घेतलंत तर फॉस्फेटही जातं. मग उरलेला गाळ जड द्रवात वेगळा करायचा, म्हणजे जड कोनोडॉन्ट बुडतात आणि हलके कण तरंगतात: ब्रोमोफॉर्म विषारी, सोडियम पॉलीटंगस्टेट महाग, पण सुसह्य. ते डिस्टिल्ड पाण्यानेच धुवा, नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम ते बिघडवतं.

चर्टमधले (सिलिकाचा टणक खडक) रेडिओलॅरिया आणि परागकण यांना हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट), योग्य हातमोजे, भाजल्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि प्रशिक्षित माणूस, यातलं एक जरी कमी असेल तर नमुना सुसज्ज प्रयोगशाळेकडे द्या. या आम्लाने भाजलेलं कधीकधी काही तासांनी दुखायला लागतं.

आणि नॅनोफॉसिल (शैवालांचे अतिसूक्ष्म चुन्याचे अवशेष) हवे असतील तर यातलं काहीच नको. टूथपिकने खरवडलेली चिमूट, पाण्याचा थेंब, काचपट्टी, झालं.