जिओनेटवर्क ४: आठ महिन्यांनंतर, सर्चमधल्या परवानग्यांविषयी

पाणलोटाचे नकाशे, विहिरींच्या नोंदी, ड्रोनची छायाचित्रं असं आमचं सगळं आता जिओनेटवर्क या नकाशे-माहितीच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एकाच कॅटलॉगमध्ये आहे. कोणाला काय दिसावं, हे गटांवर ठरतं.

आधीच्या घरगुती पोर्टलवर '२३ निकाल' लिहिलेलं असायचं आणि खाली १५च दिसायचे. उरलेले ८ कुठले, म्हणून रोज फोन. इथे तो त्रास संपला. कोणता गट रेकॉर्ड पाहू शकतो हे शोधाच्या सूचीतच (इंडेक्समध्ये) नोंदलेलं असतं आणि तुमची क्वेरी, म्हणजे शोधाची मागणी, इलॅस्टिकसर्च या शोध इंजिनाकडे जाण्याआधीच तिला तुमच्या गटांची अट लागते. त्यामुळे बाजूच्या फिल्टरमधले आकडेही चोख जुळतात.

पण याच चोखपणापायी एक नुकसान झालं. शेजारच्या विभागातल्या एका ताईंनी 'विहिरी' शोधलं, शून्य निकाल आले. माहिती नाहीच असं समजून त्यांनी तीन आठवडे बसून एका तालुक्यातल्या विहिरी नव्याने डिजिटाइझ केल्या. माझ्या लॉगिनने तोच शब्द टाकला तर १४ रेकॉर्ड! सगळे फक्त आमच्या गटाला दिसणारे, आणि ती परवानगी मीच लावलेली. फार वाईट वाटलं.

तेव्हापासून 'पाहणे' सर्वांना आणि 'डाउनलोड' फक्त गटाला देते. नोंद सापडते, कोणाला विचारायचं ते कळतं, फाइल मात्र मागावी लागते. रेकॉर्डमधला एखादाच मजकूर झाकायचा असेल, तर त्या घटकाला 'विथहेल्ड' अशी खूण करता येते. संपादनाचा हक्क नसलेल्याला तो दिसत नाही. ही सोय मला मनापासून आवडली.

'इंट्रानेट' (कार्यालयाच्या आतल्या नेटवर्कचा) गट मात्र जपून वापरा. आत कोण, बाहेर कोण हे तो आयपी पत्त्यावरून ओळखतो. आमचा प्रॉक्सी (मधला सर्व्हर) मूळ पत्ता पुढे पाठवत नव्हता, त्यामुळे बाहेरचा प्रत्येक जण आतलाच ठरत होता. मूळ पत्ता कळवणारा हेडर लावल्यावर ते थांबलं.

आणि 'डायनॅमिक' (नकाशा उघडून पाहण्याची) परवानगी काढली की डब्ल्यूएमएस या नकाशा दाखवणाऱ्या सर्व्हिसची लिंक लपते, सर्व्हिस बंद होत नाही. पत्ता ठाऊक असलेला माणूस थेट नकाशा उघडू शकतो. त्याचं कुलूप नकाशे पुरवणाऱ्या जिओसर्व्हर या सॉफ्टवेअरमध्येच, लेयरनिहाय (नकाशाच्या थरानुसार) नियम लिहून लावावं लागतं. गटांत काही बदल केला की मी लॉगआउट होऊन मोबाइलच्या नेटवरून दोन्ही तपासते: सर्च आणि थेट लिंक.